जेवणाआधीचा ठराव

आमच्या टेल्बी गावाची मार्चमधली ग्रामसभा दोन मजल्यांवर चालते. वर सभागृहात गाव भांडतं आणि खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात शाळेचे पालक गावासाठी जेवण रांधतात. माझ्या आईच्या लहानपणापासून हे असंच आहे. जेवणाचे पैसे सहावीच्या मुलांच्या सहलीला जातात. बटाटे कोणी सोलायचे यावरून खाली जेवढं राजकारण होतं, तेवढं वर बर्फ काढायच्या ट्रकवरूनही होत नाही. त्या स्वयंपाकघराची मुकादम मी, आर्लीन. एरवी मी गावातल्या दुकानात गल्ल्यावर असते. माझं तोंड जरा जास्तच चालतं, असं गाव म्हणतं. म्हणू दे बापडं.

विनी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, म्हणजे ती माझ्याकडेच वाढली म्हणा ना. त्याच वर्षी तिला लहान मुलांना होतो तो मधुमेह निघाला. कमरेला इन्सुलिनचा पंप, दंडावर एक चकती. ती चकती साखरेचा आकडा माझ्या फोनवर पाठवते. साखर चढली तर निदान विचार करायला वेळ असतो. उतरली की नसतो. आणि आमच्या बाईसाहेबांचं असं, की साखर उतरली की ती रडत नाही, सांगत नाही, नुसती गप्प होते आणि मान खाली घालते. काय गं झालं म्हणून विचारलं तर म्हणते, ‘काही नाही.’ तेवढ्यात तोंडात काही गोड गेलं नाही तर ती बेशुद्ध पडते. एकदा पडली होती माझ्यासमोर.

शाळेत बीडलबाईंना हे सगळं माहीत होतं. वर्गात पोरं ती किती, सगळी मिळून एका टेबलाभोवती मावतील एवढी. बाई फळ्यावर लिहिता लिहिता वळून बघायच्या, विनीची मान खाली दिसली की गणित बाजूला ठेवून ज्यूसची डबी तिच्यापुढे धरायच्या. शाळा आमच्या घरासमोरच, आणि दुकान घराला लागून. फोन आला की मी पायात असेल त्यानिशी रस्ता ओलांडायचे. त्यामुळे मी दुकानात बसून हसू-बोलू शकायचे. एवढंच होतं हो माझं शाळेशी. मला काही शिक्षणाची थोर तत्त्वं वगैरे कळत नाहीत.

त्या वर्षी शाळेचं छप्पर गळायला लागलं आणि खोल्या तापवणाऱ्या बॉयलरने राम म्हटला. शाळा समितीने वर्षाचा खर्च, छप्पर आणि बॉयलर हे तिन्ही एकाच ठरावात बांधलं. आठवा ठराव. पास झाला तर शाळा राहणार. नाही झाला तर जूनमध्ये कुलूप, आणि पोरं बसने खिंड ओलांडून मॉर्टनच्या मोठ्या शाळेत. बस सगळ्यांना गोळा करत जाणार म्हणजे तासभर कुठे गेला नाही. आणि खिंडीत फोन लागत नाही. वर चढायला लागलं की माझ्या फोनवरचा विनीचा आकडा जातो, तो पार पलीकडे उतरल्यावर दिसतो.

थंडीभर मी घरोघरी फिरले. दुकानात पाव घ्यायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. लोक मला चुकवून मागच्या दाराने जायला लागले इतकं. पण आमच्या मतांची बेरीज जमत होती. अगदी काठावर, पण जमत होती. आणि शाळेचा ठराव दरवर्षी जेवणानंतर येतो, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी रस्ते, ट्रक, पूल, मग जेवण, मग शाळा. आमचं ठरलं होतं, जेवण वाढायचं, एप्रन काढायचे आणि सगळ्यांनी मिळून वर जाऊन पुढच्या बाकांवर बसायचं आणि मतं द्यायची.

सभेच्या दिवशी खाली भट्टीसारखं तापलं होतं. हॅम ओव्हनमध्ये, बीन्स मोठ्या पातेल्यात रटरटत होते, जोसी कोबी चिरत होती. जोसी म्हणजे विनीच्या मैत्रिणीची, टेसची आई. तरुण पोर, पण कामाला वाघ. डोक्यावर धूर ओढायचा पंखा असा घरघरत होता की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. मध्येच वरून पाय वाजले. बाकं सरकल्याचा आवाज आला, मग शांत, मग परत पाय वाजले.

“ट्रकचं चाललंय वाटतं!” जोसी ओरडली.

“चालू दे!” मी म्हटलं. “भूक लागली की गप्प बसतील आपोआप. तू तो कोबी बारीक चीर, म्हातारी माणसं खाणार आहेत.”

वर काय चाललं होतं ते मला नंतर चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं, पण गोष्ट एकच. क्लेटन उभे राहिले. क्लेटन म्हणजे ऐंशीच्या पुढचे, गावातले सगळ्यात भले गृहस्थ. त्यांच्या बायकोला, मर्नाला, डायलिसिससाठी मॉर्टनला न्यावं लागतं, आणि नेमका त्या दिवशीच तिचा नंबर होता. क्लेटन म्हणाले, “हॉलिस, मला आता निघावं लागेल. पण शाळेसाठी मत न देता गेलो तर मला चैन पडणार नाही. आठवा ठराव आत्ताच घेता येईल का?”

हॉलिस आमचा सभाध्यक्ष. त्याने सभेला विचारलं. आता क्लेटनना नाही कोण म्हणणार? मर्ना दारात कोट घालून उभी, हातात पर्स. आख्खं सभागृह एका आवाजात ‘हो’ म्हणालं. शाळेच्या बाजूचे म्हणाले, विरोधातलेही म्हणाले. सगळ्यांना आपण किती चांगले आहोत असं वाटलं असणार. आणि खालच्या मजल्यावर शाळेचे पालक हॅम कापतायत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाच्याही! एरवी ही माणसं रस्त्यातल्या एका खड्ड्यावर दोन तास काथ्याकूट करतात.

बीडलबाईंच्या लक्षात आलं. पण बाई राहायला पलीकडच्या गावात, त्यांना आमच्याकडे मत नाही, आणि मत नसलेल्यांनी मागच्या बाकावर बसायचं, सभेची परवानगी घेतल्याशिवाय बोलायचं नाही. त्यांनी हात वर केला. हॉलिस म्हणाला, “बाई, मत घेणं चालू आहे, झालं की विचारतो.” बाई शिस्तीच्या, हात वर धरून तशाच बसून राहिल्या. मला त्यांचा इतका राग आला होता! अहो, आग लागल्यावर पण तुम्ही हात वर करून बसणार का? शेवटी त्यांना राहवलं नाही आणि त्या जिन्यावरून धडधडत खाली आल्या.

“आर्लीन, मत घेतायत! शाळेचं!”

माझ्या हातात बीन्सचा डाव होता. तो तसाच घेऊन मी जिना चढले. मागून जोसी, बाकीचे, कोणाचे हात पिठाचे, कोणाचे साबणाचे. आम्ही दारात पोचलो तेव्हा हॉलिस चष्मा सारखा करून नववा ठराव वाचत होता. कसला, तर स्मशानाच्या कुंपणाचा.

“हॉलिस, थांब!” मी ओरडले. “आठव्याचं काय झालं?”

“नामंजूर झाला,” तो म्हणाला. “चार मतांनी.”

“आम्ही अकरा जण खाली होतो!”

खालचा पंखा वर ऐकू येत होता. हॉलिसचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला तेव्हा कळलं. तो माणूस वाईट नाही हो. लहानपणी आम्ही एका बाकावर बसायचो. त्याने समोरचं नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“आर्लीन, पुढचा ठराव वाचायला घेतला की मागच्यावर परत येता येत नाही. कायदाच आहे तसा.”

“मग वाचू नकोस! वाचलाच नाहीस असं समज!”

“वाचलाय,” तो म्हणाला. “सगळ्यांनी ऐकलाय.”

“अरे, मुडद्यांच्या कुंपणासाठी जिवंत पोरांची शाळा...”

“आर्लीन.” त्याचा आवाज फुटला. “माझे नातू त्याच शाळेत आहेत गं.”

ते मला माहीत होतं. म्हणून तर मला काय करावं सुचेना. समोर एखादा दुष्ट माणूस असता तर मी डाव फेकून मारला असता. इथे सगळे माझ्या ओळखीचे, सगळे कानकोंडे होऊन खाली बघणारे. कोणीतरी मागून हळूच विचारलं, “जेवण झालंय का तयार?” आणि दोन-तीन जण हसले. वाईट हेतूने नाही, अवघडून. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

खाली आल्यावर जोसीने एप्रन काढून फेकला. “कुलूप लाव. उपाशी मरू देत.”

“आणि सहलीचे पैसे कुठून आणणार?” मी म्हटलं. “सहावीच्या पोरांनी काय घोडं मारलंय? घाल तो एप्रन.”

आणि मग आम्ही वाढलं. खोटं वाटेल तुम्हाला, पण आम्ही गावाला नेहमीसारखं वाढलं. हॅम, बीन्स, कोबी, पाव, सफरचंदाची पाई. रांगेतला एकेक जण ताट पुढे करत होता आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. “बीन्स मस्त झालेत हं, आर्लीन.” मी आपली डावाने वाढतेय.

लिओना आली. लिओना माझी शेजारीण, विधवा, पेन्शनवर जगते. माझ्याकडे सरळ बघणारी ती एकटीच.

“मी नाही म्हटलं,” ती म्हणाली. “तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.”

“का गं?”

“घरपट्टी भरू की घर तापवायला तेल घेऊ? तूच सांग. शाळेपायी ती तीन वर्षं वाढतेच आहे. घर विकून तुझी शाळा चालवू का?”

“माझी शाळा?” मी म्हटलं. “विनी आजारी होती तेव्हा रात्रभर तिच्याजवळ तू बसली होतीस, लिओना.”

“बसले होते. परत वेळ आली तर परत बसेन. पण पैसे नाहीत माझ्याकडे.” तिने ताट पुढे केलं. “कोबी थोडाच दे, मला वायू होतो.”

मी तिला कोबी थोडाच वाढला. काय करणार होते?

दुपारी दवाखान्यातून क्लेटनचा फोन आला. मर्ना आत यंत्राला लावलेली, आणि हे बाहेर बसून खुशीत.

“झाला ना गं पास? मी मत देऊन निघालो हो. मोजणी व्हायची होती, पण मर्नाला उशीर होत होता. मी मर्नाला गाडीत म्हटलं, विनीसाठी एवढं तर केलं.”

मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तू गप घरी गेला असतास तर! तुझं एक मत गेलं असतं आणि आमची अकरा वाचली असती. पण बोलले ते असं, “नाही झाला, क्लेटन. थोडक्यात गेला.”

“पण तुम्ही सगळे होतात ना?”

“होतो,” मी म्हटलं. “इथेच होतो आम्ही.”

त्यांना पुढे कोणी ना कोणी सांगितलंच असणार, गाव केवढंसं. तेव्हापासून ते दुकानात येत नाहीत. मर्नाला पाठवतात, ती धाप टाकत येते. मला म्हातारीची दया येते आणि त्यांचा राग येतो आणि राग आला म्हणून माझा मलाच राग येतो. एका माणसाने किती राग सांभाळायचा?

त्याच सभेत मागे जाता येत नाही, पण सह्या गोळा केल्या तर नंतर परत एकदा मत घेता येतं. आम्ही केल्या. लिओनानेसुद्धा केली. “सही करते, मत मात्र देणार नाही,” म्हणाली. अध्यक्षाने बाजू घ्यायची नसते, तरी हॉलिसने सगळ्यात आधी सही केली, आणि गाव जे म्हणायचं ते म्हणालं. मे महिन्यात पेट्या लावून मतदान झालं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. यावेळी आम्ही कोणीच स्वयंपाक केला नाही. मला वाटलं होतं, आमची अकरा आली की जिंकू. पण मधल्या दिवसांत छपराचा नवा अंदाज आला होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि तो घरोघरी टपालाने गेला होता. शिवाय लोकांची मनं एकदा वळली की वळली. शाळा जाणार हे एकदा बोलून झालं होतं, जिभेला त्याची सवय झाली होती. आम्ही सपाटून हरलो. चार मतांनी नाही, चांगलं तोंडावर आपटलो. त्या रात्री मी जोसीला म्हटलं, मार्चमध्ये हरलो तेव्हा निदान शिव्या द्यायला काहीतरी होतं.

जूनमध्ये कुलूप लागलं. बीडलबाईंनी दुसऱ्या गावात नोकरी धरली. जाताना मला विनीबद्दल सगळं समजावून सांगत बसल्या, मान कशी खाली जाते, डोळे कसे होतात. मी म्हटलं, “बाई, मी तिची मावशी आहे, मला माहितीये.” तर त्या रडायलाच लागल्या.

मॉर्टनची शाळा वाईट नाही. तिथे नर्स आहे, चांगली आहे. बसमध्ये विनीजवळ बसायला एक माणूस द्यायचं समितीने मान्यही केलं. जागा मंजूर, पगार मंजूर, फक्त माणूस मिळत नाही. एवढ्या पहाटे एवढ्या पैशात कोण येणार? मी फोन करते, ते नम्रपणे म्हणतात, अजून कोणी अर्ज केलेला नाही. मला ती नोकरी द्या म्हटलं, तर नातेवाइकाला देता येत नाही. बसचालकाला विनीचं सगळं सांगितलंय. भला माणूस आहे. पण त्याने घाटात वळणं बघायची की आरशात विनीची मान?

आधी मी तिला माझ्या गाडीने सोडत होते. दुकानाचा मालक कुरकुरत होता तरी सोडत होते. तर दोन आठवड्यांत बाईसाहेब फुरंगटल्या.

“मावशी, मला बसने जायचंय. टेस जाते. सगळे बसमध्येच मैत्रिणी करतात.”

“आणि साखर उतरली तर?”

“मी सांगेन.”

“कधी सांगितलंयस का आजवर?”

“आता सांगेन ना!”

मी हो म्हटलं. आणि बस निघाली की मागून माझी गाडी काढायला लागले. विनीला मी मागच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, काचेतून तिचं डोकं दिसावं म्हणून. लाल विणलेली टोपी. टोपी सरळ आहे ना, हलतेय ना, एवढंच बघत मी खिंडीपार जायचे, शाळेत ती उतरली की परत फिरायचे. दुकानाचा मालक म्हणाला, आर्लीन, तुझं डोकं फिरलंय. म्हटलं, फिरू दे.

ऑक्टोबर संपत आला होता. खिंडीत चढ लागला, फोनवरचा आकडा गेला, आणि थोड्या वेळाने लाल टोपी खाली गेली. मी वाट बघितली. वर येईना. मी हॉर्न वाजवला. बस तशीच चालली. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, आणि शाळेच्या बसच्या पुढे गाडी घालायची नसते. मी हॉर्नवर हात दाबून धरला, दिवे उघडझाप केले, काच खाली करून ओरडले, “विनी! अगं विनी!” काचेत पोरांची तोंडं जमली. दात काढून मला हात दाखवत होती. त्यांत टोपी नव्हती. मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

चालकाने जागा बघून बस कडेला घेतली. मी ज्यूसची डबी घेऊन धावत आत चढले. मागच्या बाकावर विनी आणि टेस खाली वाकून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर वही, दोघी मिळून कसलंसं चित्र काढत होत्या. विनीने वर बघितलं. गाल लालबुंद, डोळे लख्ख. काही झालेलं नव्हतं तिला.

“काही नाही झालं, मावशी,” ती हळू आवाजात म्हणाली. मागून एक मोठा मुलगा म्हणाला, “हिची मावशी रोज आपल्या मागे असते,” आणि सगळी बस हसली. विनी हसली नाही. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या संध्याकाळी तिने जेवण भराभर उरकलं. झोपायला जाताना दारात थांबली.

“मावशी, उद्यापासून मागे येऊ नकोस ना.”

“बरं,” मी म्हटलं.

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल, पण ती नुसतं मान हलवून आत गेली. ती आठ वर्षांची आहे, तिलाही लाज असते, हे मला कळतं. कळून करायचं काय?

आता सकाळी बस येते, ती चढते, पुढच्या बाकावर टेसजवळ बसते. ती तिथे असली की मागून काही दिसतच नाही. बस वळणावर जाईपर्यंत मी रस्त्यात उभी असते. मग दुकान उघडते, फोन गल्ल्यावर ठेवते. आकडा दिसत असतो, दिसत असतो, आणि मग जातो. समोर गिऱ्हाईक असतं, दूध मागतं, हवापाण्याचं बोलतं. मी त्याला दूध देते, सुटे देते, आणि हो हो म्हणत फोनकडे बघत राहते.